ओडिसियस ख्रिस्ती न्यायासनापुढे

होमरच्या ‘ओडिसी’चा नायक खोटे बोलतो आणि त्याबद्दल त्याचे कौतुक होते. वीस वर्षांनी तो आपल्या इथाका बेटावर पाऊल ठेवतो तेव्हा देवी अथीना तरुण मेंढपाळाच्या रूपात त्याच्यासमोर येते. तिला न ओळखता तो, आपण क्रीटमध्ये खून करून पळून आलो आहोत, अशी लांबलचक बनावट कहाणी सांगतो. देवी रागावत नाही. ती हसते, त्याला हाताने गोंजारते आणि डावपेचांत देवांनाही भारी पडणाऱ्या या माणसाची तारीफ करते. तेराव्या सर्गातल्या या प्रसंगापाशी ख्रिस्ती वाचक शतकानुशतके अडखळत आला आहे. खोट्या साक्षीला दहा आज्ञांनी मनाई केलेल्या परंपरेत वाढलेल्या माणसाने, असत्यावर लोभ करणाऱ्या देवीचे आणि तिच्या लाडक्या वीराचे मोल कसे करायचे? या प्रश्नाला गेल्या अठराशे वर्षांत मिळालेली उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत. कुणी ओडिसियसमध्ये ख्रिस्ताची सावली पाहिली, तर कुणी त्याला नरकाच्या ज्वाळेत उभे केले.

आरोपांकडे वळण्यापूर्वी काव्याची स्वतःची नीती पाहावी लागते. ‘ओडिसी’ सुमारे बारा हजार ओळींची आणि चोवीस सर्गांची आहे. तिच्या जगात माणसाची किंमत चारचौघांत ठरते. लुटीत मिळालेला वाटा, पंगतीतले स्थान, मागे उरणारी कीर्ती यांवर वीराचे वीरपण तोलले जाते. मित्राचे भले करावे आणि शत्रूचे वाटोळे करावे, यात कुणाला विसंगती वाटत नाही. ट्रॉयचे युद्ध संपवून निघाल्यावर ओडिसियस वाटेत सिकोनी लोकांचे नगर लुटतो, पुरुषांना मारतो, स्त्रिया आणि धन साथीदारांत वाटून देतो. पुढे फिएशियन राजाच्या दरबारात हे सारे तो सहज सांगून जातो. ऐकणाऱ्यांनाही त्यात वावगे वाटत नाही. त्याचा आजोबा ऑटोलिकस चोरीत आणि शपथांच्या कसरतीत सर्वांत निष्णात होता, आणि ही विद्या त्याला हर्मिस देवाने दिली होती, असे काव्य सांगते.

तरीही हे जग बेबंद नाही. दारी आलेला परका आणि भिकारी झ्यूसचा असतो; त्याला आधी जेवू घालायचे आणि मगच नाव-गाव विचारायचे. ‘ओडिसी’तील बहुतेक पात्रांची परीक्षा या एका नियमावर होते. पाहुण्यांनाच खाणारा राक्षस पॉलिफीमस त्यात नापास होतो, आणि दुसऱ्याच्या घरी वर्षानुवर्षे फुकटचे जेवणारे, ओडिसियसच्या पत्नीचे, पेनेलपीचे मागणीदारही. उलट, गुलामीत दिवस काढणारा डुक्करपाळ युमिअस चिंध्या नेसलेल्या अनोळखी म्हाताऱ्याला आपले अंथरूण देतो आणि पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण होतो. परक्यांच्या वेषात देव गावोगाव फिरत असतात, ही समजूत काव्यात स्पष्ट बोलून दाखवली आहे. नव्या करारातील ‘इब्री लोकांस पत्र’ही नकळत देवदूतांचा पाहुणचार घडल्याची आठवण देऊन आतिथ्याचा आग्रह धरते. दोन नीतिव्यवस्था इथे हाताला हात लागेल इतक्या जवळ येतात.

ओडिसियसवर पहिला ठपका ख्रिस्ती लोकांनी ठेवला, असेही नाही. ग्रीक कवी पिंडारने आपल्या विजयगीतांत, होमरच्या गोड वाणीमुळे ओडिसियसची कथा त्याच्या खऱ्या भोगांपेक्षा मोठी झाली, अशी कुरकुर केली आणि सरळ स्वभावाच्या एजॅक्सला डावलल्याबद्दल खंत व्यक्त केली. इ.स.पू. 409 मध्ये सादर झालेल्या ‘फिलॉक्टीटीस’ या नाटकात सॉफोक्लीझने त्याला एका कोवळ्या तरुणाला खोटे बोलायला शिकवणारा कावेबाज म्हणून रंगवले. तो तरुण शेवटी लाजून फसवणुकीने मिळवलेले धनुष्य परत करतो. प्लेटोच्या ‘लहान हिप्पियास’ या संवादात अकिलीज आणि ओडिसियस यांत श्रेष्ठ कोण, यावर खल होतो आणि जाणूनबुजून खोटे बोलणारा अजाणता चुकणाऱ्यापेक्षा वरचढ ठरतो की काय, या पेचात संवाद संपतो. स्वतःला ट्रोजनांचे वंशज मानणाऱ्या रोमनांचा कवी व्हर्जिल याने तर त्याला क्रूर आणि कपटी ठरवूनच टाकले. दुसऱ्या बाजूला स्टोइक विचारवंतांनी त्याची सहनशक्ती उचलून धरली. सेनेकाने त्याला हर्क्युलीझच्या जोडीने ज्ञानी पुरुषांत बसवले. ख्रिस्ती धर्माच्या हाती आला तो असा आधीच दुभंगलेला ओडिसियस.

ख्रिस्ती आरोपपत्रातले पहिले कलम असत्याचे. चौथ्या शतकाच्या अखेरीस संत ऑगस्टिनने असत्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि पुढे त्याच विषयावर दुसराही लिहिला. असत्याचे आठ प्रकार पाडून त्याने आठही निषिद्ध ठरवले. कुणाचा जीव वाचवण्यासाठी बोललेले खोटेही त्यातून सुटले नाही. या मापाने इथाकातला ओडिसियस रोजच दोषी ठरतो. तो अथीनाशी, युमिअसशी आणि पेनेलपीशी खोटे बोलतो. सूड पुरा झाल्यावर, गरज उरलेली नसताना, शोकाने खंगलेल्या म्हाताऱ्या बापालाही तो आधी एक बनावट कहाणी ऐकवतो. हे शेवटचे खोटे होमरच्या चाहत्यांनाही समजावून सांगणे जड जाते.

पण हे माप ख्रिस्ती परंपरेतही सर्वमान्य नव्हते. बायबलमध्येच याकोब करडांची कातडी अंगावर घेऊन आंधळ्या बापाला फसवतो आणि आशीर्वाद मिळवतो. यरीहोची राहाब हेरांना लपवून राजाच्या माणसांना चुकीची वाट दाखवते आणि तरी पुण्यवंतांत गणली जाते. ऑगस्टिनने याकोबाच्या कृत्याला असत्य न म्हणता गूढार्थ म्हणून वाट काढली. त्याचाच समकालीन संन्यासी जॉन कॅसियन याच्या संवादांत मात्र एक वृद्ध तपस्वी वेगळे मत मांडतो: खोटे हे जहाल वनस्पतीच्या औषधासारखे आहे, प्राणांतिक दुखण्यात तारते आणि एरवी मारते. कॅसियनच्या बाजूने पाहिले तर एकशे आठ सशस्त्र मागणीदारांनी वेढलेल्या घरात शिरणाऱ्या एकट्या माणसाचा वेषपालट क्षम्य ठरतो. बापाला सांगितलेली कहाणी तरीही क्षम्य ठरत नाही. तेराव्या शतकात टॉमस अक्वायनसने हा धागा आणखी पिळला. व्यवहारज्ञान हा सद्गुण आहे आणि कावेबाजपणा हे त्याचे खोटे रूप आहे, असे सांगून त्याने जोडले की साध्य चांगले असले तरी साधन बनावट असेल तर ते पापच. ओडिसियसची सारी बुद्धी या दोहोंच्या सीमेवर वावरते.

दुसरे कलम गर्वाचे. पॉलिफीमसच्या गुहेत आपले नाव ‘कोणीही नाही’ असे सांगून तो सुटतो. गलबत किनाऱ्यापासून दूर जाताना साथीदार गयावया करत असूनही तो आपले खरे नाव, बापाचे नाव आणि गाव ओरडून सांगतो. त्यामुळेच त्याने आंधळे केलेल्या राक्षसाला समुद्रदेव पोसायडनकडे नेमका शाप मागता येतो. ख्रिस्ती शिकवणीत नम्रता हा पाया आणि गर्व हे पापांचे मूळ. तिथे या प्रसंगाचा अर्थ सरळ लागतो. वीरनीतीत मात्र आपल्या पराक्रमावर आपले नाव नसणे म्हणजे पराक्रम वाया जाणे. त्याचे चुकले ते कीर्ती हवी म्हणून नव्हे. सोबतच्यांचे प्राण त्या कीर्तीसाठी पणाला लावले, म्हणून चुकले. ही चूक त्याच्या स्वतःच्या नीतीतही चूकच आहे.

तिसरे कलम एकनिष्ठेचे. मायाविनी सर्सीच्या घरी तो वर्षभर राहतो आणि परतीची आठवण त्याला साथीदारांना करून द्यावी लागते. अप्सरा कॅलिप्सोच्या बेटावर सात वर्षे जातात. दिवसा तो किनाऱ्यावर बसून रडतो, रात्री नाइलाजाने तिच्या शेजेवर असतो. काव्य यासाठी त्याला दोष देत नाही, पेनेलपीकडून मात्र वीस वर्षांची निष्ठा गृहीत धरते. ख्रिस्ती शिकवणीने हा नियम पती आणि पत्नी दोघांना सारखाच लावला, आणि इथे तिचा आक्षेप बिनतोड आहे. होमरला दुसरी शक्यता माहीत नव्हती, असेही म्हणता येत नाही. ओडिसियसच्या बापाने, लेअर्टीसने, दासी युरिक्लियाला वीस बैलांच्या मोलाने विकत घेतले, पण पत्नीला राग येईल म्हणून तिला कधी स्पर्श केला नाही, हे पहिल्याच सर्गात सांगितले आहे. आणि कॅलिप्सो अमरत्व देऊ करते तेव्हा ओडिसियस ते नाकारतो. पेनेलपी रूपाने तिच्यापुढे फिकी आहे हे तो कबूल करतो, तरी म्हातारे होऊन मरणाऱ्या बायकोकडेच त्याला परतायचे असते.

चौथे आणि सर्वांत जड कलम सूडाचे. बाविसाव्या सर्गात मागणीदारांचा म्होरक्या अँटिनोअस पडल्यावर युरिमॅकस भरपाई देऊ करतो: खाल्ल्या-प्यायल्याचे सारे भरून देऊ, शिवाय प्रत्येक जण वीस बैलांच्या मोलाचा ऐवज देईल. वडिलोपार्जित सारे दिले तरी हात आखडणार नाही, असे ओडिसियसचे उत्तर येते. त्यांच्यातला यज्ञविधी करणारा लिओडीझ पाया पडून अभय मागतो. इतरांची कृत्ये त्याला पसंत नव्हती, हे काव्याने आधीच सांगून ठेवले आहे. तरी त्याचे बोलणे पुरे होण्याआत मान उडवली जाते. पन्नास दासींपैकी बारा जणी मागणीदारांकडे गेल्या होत्या. त्यांच्याकडून प्रेते उचलून घेतली जातात, रक्त पुसून घेतले जाते आणि मग त्यांना मारायचा हुकूम होतो. तलवारीचे स्वच्छ मरण ओडिसियसचा मुलगा टेलेमॅकस नाकारतो आणि जहाजाच्या दोराने त्यांना एका रांगेत फासावर लटकवतो. सूड माणसाने घेऊ नये, तो देवावर सोपवावा, असे पौल रोमकरांना लिहितो. डोंगरावरील प्रवचन तर शत्रूवर प्रेम करायला सांगते. या प्रकाशात बाविसावा सर्ग भीषण दिसतो, आणि ख्रिस्तीच काय, आजच्या कोणत्याही वाचकाला तो तसाच दिसतो.

असे असूनही प्रारंभीच्या ख्रिस्ती लेखकांनी ओडिसियसला टाकून दिले नाही. इ.स. 200 च्या आसपास अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटने ग्रीकांना केलेल्या आवाहनात खलाशांना भुलवून मृत्यूकडे ओढणाऱ्या सायरेनच्या गाण्याची उपमा जुन्या भोगासक्त रिवाजांना दिली. ते गाणे ऐकताना डोलकाठीला बांधून घेतलेला ओडिसियस त्याला लाकडाच्या क्रूसाशी जखडून मुक्त झालेल्या श्रद्धावंतासारखा भासला. पाचव्या शतकात ट्युरिनचा बिशप मॅक्सिमस याने उपदेशात हे रूपक पूर्ण केले: गलबत म्हणजे चर्च, डोलकाठी म्हणजे क्रूस. रोममधल्या तिसऱ्या-चौथ्या शतकांतील दगडी शवपेटिकांवर सायरेनचा हा देखावा कोरलेला आढळतो. चौथ्या शतकात संत बेसिलने तरुणांना ग्रीक वाङ्मय कसे वाचावे हे सांगताना, वादळातून उघडावाघडा किनाऱ्याला लागलेल्या ओडिसियसचा दाखला दिला. अंगावर वस्त्र नसतानाही राजकन्येपुढे त्याची लाज राहिली, कारण त्याने सद्गुण पांघरला होता, असा त्याचा अर्थ. या वाचनांत चारित्र्याचा निवाडा नाहीच. कथेतला एखादा तुकडा सोयीने उचलायचा आणि बाकी नजरेआड करायचे, अशी ही रीत होती. तिने होमरला ख्रिस्ती शाळेत टिकवून धरले, हा तिचा मोठा उपकार. पण ओडिसियस नावाच्या माणसाला तिने प्रश्न विचारला नाही.

तो प्रश्न दान्तेने विचारला. ‘डिव्हाइन कॉमेडी’च्या नरकखंडातील सव्विसाव्या सर्गात ओडिसियस आठव्या वर्तुळात, कपटी सल्ला देणाऱ्यांच्या खंदकात, डायोमिडीजसोबत दोन जिभांच्या एकाच ज्वाळेत जळतो आहे. दान्तेला ग्रीक येत नव्हते आणि ‘ओडिसी’ त्याने वाचलेली नव्हती. त्याच्यापर्यंत ओडिसियस पोहोचला तो व्हर्जिल, ओव्हिड आणि सिसेरो यांच्या लॅटिनमधून. म्हणूनच त्याचा ओडिसियस घरी परततच नाही. मुलाची माया, बापाबद्दलचे कर्तव्य, बायकोचे प्रेम हे सारे बाजूला सारून तो मूठभर म्हाताऱ्या साथीदारांना चेतवतो, हर्क्युलीझच्या खांबांपलीकडे गलबत नेतो आणि दूरवर शुद्धिलोकाचा प्रचंड पर्वत दिसताच वावटळीत सापडून बुडतो. ट्रॉयचा घोडा हा त्याच्यावरचा उघड आरोप. कृपेविना केवळ स्वतःच्या बुद्धीच्या बळावर त्या पर्वतापर्यंत पोहोचू पाहणे हा खोल आरोप.

दान्तेने त्याला मूर्तिपूजक म्हणून दंडित केलेले नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. खुद्द होमर त्याच काव्यात नरकाच्या उंबरठ्यावर, यातनांपासून दूर, सन्मानाने बसलेला आहे. व्हर्जिलने ओझरता उल्लेख केलेला राइफिअस हा ट्रोजन तर न्यायप्रियतेपायी स्वर्गात पोहोचला आहे. म्हणजे ट्रॉयच्या युद्धात लढलेला आणि ख्रिस्ताचे नावही न ऐकलेला माणूस दान्तेच्या स्वर्गात जाऊ शकतो. शुद्धिलोकात ब्युऑनकॉन्ते नावाचा योद्धा भेटतो. मरतानाच्या एका अश्रूने तो तरला आहे. ओडिसियस मात्र आपल्या अखेरच्या सफरीची गोष्ट अद्भुत भाषेत सांगतो आणि त्यात पश्चात्तापाचा एक शब्दही नसतो. दान्तेचा निकाल खऱ्या अर्थाने या उणिवेवर उभा आहे.

पुढच्या शतकांत हा निकाल अनेकदा फिरवला गेला. फ्रान्समधील काम्ब्रेचा आर्चबिशप फेनेलोन याने 1699 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘तेलेमाक’मध्ये ओडिसियसच्या मुलाला संयमी, प्रजाहितदक्ष राजपुत्र बनवले; तो चौदाव्या लुईच्या नातवाचा शिक्षक होता आणि ग्रीक कथेतून त्याला ख्रिस्ती राजधर्म शिकवायचा होता. इंग्लंडमध्ये निष्ठावान अँग्लिकन असलेल्या ग्लॅडस्टनने 1858 मध्ये होमरवर तीन खंड लिहून, होमरच्या धर्मकल्पनांत आदिम ईश्वरी प्रकटनाचे अवशेष शोधले. याच्या नेमके उलट टोक नीत्शेने 1887 मध्ये गाठले. वीरांची मालकनीती ही निरोगी आणि ख्रिस्ती नीती ही दुबळ्यांच्या सूडभावनेतून जन्मलेली, असे म्हणून त्याने आरोपी आणि न्यायाधीश यांच्या जागाच बदलल्या.

विसाव्या शतकातील अभ्यासकांनी खटल्याच्या अधिकारक्षेत्रालाच हरकत घेतली. ई. आर. डॉड्स याने 1951 मध्ये होमरचा समाज लज्जेवर आणि नंतरचा समाज अपराधभावनेवर चालणारा, असा भेद मांडला. आर्थर अॅडकिन्सने 1960 मध्ये दाखवले की होमरच्या जगात यशस्वी ठरण्याला हेतू शुद्ध असण्यापेक्षा अधिक किंमत होती. मग पाप, विवेक, पश्चात्ताप ही मापे तिथे लावणे म्हणजे परक्या राज्याचा कायदा लावणे नव्हे काय? बर्नार्ड विल्यम्सने 1993 मध्ये याला अडवले. लाज म्हणजे केवळ लोकांच्या नजरेची भीती नव्हे, तीत मनाने मानलेली मूल्ये असतात. होमरची माणसे निवड करतात, जबाबदारी घेतात आणि झाल्या गोष्टीचे दुःख वाहतात, असे त्याचे म्हणणे. काव्याच्या आरंभीच झ्यूस कुरकुरतो की माणसे आपल्या अविचाराने ओढवलेल्या दुःखांचा दोष देवांना देतात. जबाबदारीची कल्पना नसलेल्या जगात ही तक्रार उमटली नसती.

या वादातून बाहेर पडण्याची वाट ख्रिस्ती धर्मशास्त्रातच आहे. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात पौल सांगतो की ज्यांना नियमशास्त्र मिळाले नाही त्यांच्या अंतःकरणावर नियम लिहिलेला असतो, आणि त्यांची सद्सद्विवेकबुद्धीच त्यांची साक्षीदार असते. या न्यायाने ओडिसियसची पहिली सुनावणी त्याच्या स्वतःच्या विवेकापुढे व्हायला हवी. मग आरोपपत्र लहान होते, पण टोकदार होते. सिकोनींची लूट त्यातून गळते, कारण ते पाप आहे हे त्याला कुणी सांगितलेच नव्हते. पॉलिफीमसपुढची बढाई राहते. आधी पनीर घेऊन निघून जाऊ या, अशी साथीदारांची विनवणी झिडकारून त्या गुहेत थांबणेही राहते. त्यात सहा जण खाल्ले गेले. लिओडीझची उडवलेली मान राहते, कारण अभय मागणाऱ्याला मारू नये हे त्याचे जगही जाणत होते.

याच सुनावणीत काही गोष्टी त्याच्या बाजूनेही पडतात. प्रेतांनी भरलेले दालन पाहून युरिक्लिया विजयाची आरोळी ठोकणार असते, तेव्हा तो तिला थांबवतो: मेलेल्या माणसांवर जल्लोष करणे अधर्म आहे. कवी फीमियस आणि दूत मीडॉन यांना तो जिवंत सोडतो. मागणीदारांतल्या त्यातल्या त्यात भल्या अँफिनोमसला त्याने, वेळ असताना निघून जा, असे सुचवलेही होते. फासावरच्या दासींपाशी काव्य स्वतःच थबकते. घरट्याकडे निघालेले पक्षी जाळ्यात अडकावेत तशा त्या लटकल्या आणि त्यांचे पाय क्षणभर तडफडले, असे होमर नोंदवतो. ही करुणा नायकाची नाही, कवीची आहे. ती काव्याच्या नीतीपलीकडे जाते आणि त्यासाठी ख्रिस्ती वाचकाची वाट पाहत नाही. सॉफोक्लीझच्या ‘एजॅक्स’मध्ये तर ही करुणा ओडिसियसलाच मिळाली. वेड लागलेल्या शत्रूला पाहून तो हसत नाही; या दैवात आपलेही दैव दिसते असे म्हणून हळहळतो आणि पुढे त्याच शत्रूच्या दफनासाठी भांडतो. शत्रूबद्दल कळवळा ही कल्पना इ.स.पूर्व पाचव्या शतकातल्या अथेन्सला सुचली होती.

एवढे मान्य केल्यावरही एक फरक उरतो, आणि ख्रिस्ती मापाचे खरे काम तिथे आहे. एरिक आउअरबाख याने 1946 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मिमेसिस’ या ग्रंथाच्या आरंभी ओडिसियसच्या मांडीवरचा व्रण आणि अब्राहामाने मांडलेला इसहाकाचा बळी या दोन कथा शेजारी ठेवल्या. बायबलची माणसे काळाच्या ओझ्याखाली बदलतात. ओडिसियस मात्र वीस वर्षांपूर्वी निघाला तसाच परत येतो, असे त्याने दाखवून दिले. तो शिकतो, सोसतो, धीर धरतो, पण आतून वळत नाही. शुभवर्तमानात कोंबडा आरवल्यावर पेत्र बाहेर जाऊन रडतो. ‘ओडिसी’त अश्रू पुष्कळ आहेत, पण ते विरहाचे, थकव्याचे, मेलेल्या साथीदारांसाठीचे आहेत. स्वतःच्या हातून घडलेल्या अन्यायासाठी ओडिसियस एकदाही रडत नाही.

काव्याचा शेवटही हेच सांगतो. मारल्या गेलेल्या मागणीदारांचे बाप आणि भाऊ शस्त्रे घेऊन चालून येतात. लेअर्टीसच्या भाल्याने अँटिनोअसचा बाप पडतो. सूडाला सूड असा हा सिलसिला कुणाच्या क्षमेने थांबत नाही. मुलांच्या आणि भावांच्या हत्येचा लोकांना विसर पाडू, असे झ्यूस ठरवतो. अथीना ओरडून लढाई थांबवते, ओडिसियस तरीही झेपावतो, आणि वीज कोसळल्यावरच तो हात आवरतो. तह होतो तो वरून लादलेल्या विस्मृतीवर. क्षमेत झालेले आठवावे लागते, त्याला अन्याय म्हणावे लागते आणि मग हिशेब सोडून द्यावा लागतो. विसर पाडण्यात यातले काहीच करावे लागत नाही.

म्हणून ओडिसियसचा ख्रिस्ती निवाडा दोन टप्प्यांत द्यावा लागतो. माणूस म्हणून त्याला दोषी ठरवायचे तर त्याला ठाऊक असलेल्या नियमांनीच ठरवावे. तिथे तो काही ठिकाणी चुकतो आणि काही ठिकाणी आपल्या काळाहून मोठा ठरतो. आदर्श म्हणून त्याला तपासायचे तर पश्चात्ताप आणि क्षमा यांची मापे लावणे अयोग्य नाही, कारण आदर्श हा नंतरच्या पिढ्यांसाठीच असतो आणि त्या पिढ्यांनी आपल्या मापाने तो घ्यावा किंवा सोडावा. क्लेमेंटने पहिला टप्पा गाळला, कारण त्याला रूपक हवे होते. दान्तेने दोन्ही टप्पे एकत्र केले आणि कधी न वाचलेल्या काव्याच्या नायकाला शिक्षा दिली. डॉड्स-अॅडकिन्स यांच्या वाटेने जाणारे दुसरा टप्पाच नाकारतात आणि बारा दासींसमोर त्यांना गप्प बसावे लागते. दोन्ही टप्पे वेगळे ठेवले तर होमरला ख्रिस्ती करावे लागत नाही आणि वाचकाला आपला विवेक बाजूलाही ठेवावा लागत नाही.